बसक्या गळ्याची कॅसेट

ती कॅसेट आमच्या घरात जावयाच्या बॅगेतून आली, त्यामुळे तिला दारातूनच परत पाठवणं कोणालाही शक्य नव्हतं.

माझे भावोजी बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होते. सात-आठ महिने पाण्यावर, मग दोन-अडीच महिने मुंबईला घरी, आणि त्यातले चार दिवस आमच्याकडे महाडला. येताना ते प्रत्येकासाठी काहीतरी आणत, पण काय आणतील याचा नेम नसे. एकदा त्यांनी आईला उकडलेलं अंडं कापायचं यंत्र आणून दिलं. आमच्याकडे अंडं उंबरठ्याच्या आत येत नसे. पण जावयाचं मन कसं मोडायचं, म्हणून आईने त्यात बटाटे कापले, आणि पुढची दोन वर्षं आमच्याकडे बटाट्याची भाजी गोल चकत्यांचीच झाली.

मला त्यांनी कॅसेट आणली. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होतो, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला इंग्रजी गाण्यांची आवड आहे अशी माझी समजूत होती. आवड म्हणजे काय, तर कॉलेजच्या होस्टेलवर रूम पार्टनरकडे दोन इंग्रजी कॅसेटी होत्या आणि त्या लागल्या की कुठे मान हलवायची एवढं मला कळायला लागलं होतं.

कॅसेटवर ना चित्र होतं, ना नाव. भावोजींनी गायकाचं नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. एक तर मामला चोरीचा आहे, आणि दुसरं म्हणजे तो म्हातारा गायक फार मोठा माणूस होता. गोरा, जाडा, तीस वर्षं गात आलेला, आणि गळा असा की कोणीतरी खडीच्या ढिगावरून पत्रा ओढतंय.

"ही दुकानात मिळत नाही," भावोजी अभिमानाने म्हणाले. "आमच्या सेकंड इंजिनिअरने कार्यक्रमात कोटाच्या आत मशीन लपवून चोरून रेकॉर्ड केलंय. गायकाला पत्ता नाही. आणि साउंड ऐका! गायक पाणी प्यायला तर घोट ऐकू येतो."

बाबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं आणि पेपर्समध्ये कॉपी करणाऱ्या तीन पिढ्या पकडल्या होत्या. 'चोरून' हा शब्द ऐकल्यावर झोपाळा थांबला.

"म्हणजे जावईबापू, हा चोरीचा माल आहे?"

"तसं नाही बाबा. सगळेच करतात."

"सगळेच करतात, हे मला दहावी ब म्हणायची," बाबा म्हणाले. पण जावयाला यापुढे काही बोलणं शक्य नव्हतं, म्हणून ते पेपरात शिरले. भावोजींनी टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली आणि आवाज मोठा केला.

आधी लोकांचा कोलाहल आला. मग कोणीतरी 'वन, टू, थ्री, फोर' म्हणालं, तेवढं मला समजलं. मग ऑर्गन, मग ढोलक्यांसारखं काहीतरी, आणि मग तो आवाज. आई स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन बाहेर आली.

"कोण आजारी आहे?"

"गातोय तो," मी म्हणालो.

"असा? अरे, मग त्याला कोणी थांबवत कसं नाही?"

भावोजींनी समजावून सांगितलं की त्याचा गळा असाच आहे आणि लोक त्यासाठीच तिकीट काढून येतात. आईला ते पटलं नाही. तेवढ्यात गर्दीतली एक बाई गायकाला उद्देशून काहीतरी जोरात ओरडली. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ होतं की ती आमच्या तुळशीपाशी उभी राहून ओरडत्येय असं वाटलं.

"ही बघ, बायको असेल," आई म्हणाली. "घरी चला म्हणत्येय बिचारी." आणि आत जाऊन तिने ज्येष्ठमध उगाळलं. गायक लांब होता, म्हणून ते मला प्यायला लागलं.

भावोजी चार दिवसांनी गेले. जाताना मला म्हणाले, "कॅसेट सध्या तुझ्याकडे राहू दे, पण नीट ठेव हं. दुसरी नाही माझ्याकडे. पुढच्या वेळी आलो की नेतो." म्हणजे भेट नव्हती, ठेव होती. हे बाबांनीही ऐकलं, आणि त्यांच्या डोक्याला दुहेरी काळजी लागली. चोरीचा माल, आणि तोही जावयाचा.

पहिलं काम त्यांनी हे केलं की त्या गायकाला माफीचं पत्र लिहिलं. मी थट्टा करत नाही. तीन दिवस मसुदा चालला होता. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात होती, आणि आमच्या जावयाचे एक सहकारी यांच्या हातून आपल्या कलेच्या संदर्भात जो प्रमाद घडला आहे, असं पुढे खूप होतं. शेवटी आईच्या सांगण्यावरून गळ्याला अडुळसा घेण्याविषयी दोन ओळी होत्या. पत्त्यात फक्त नाव आणि त्याखाली इंग्लंड. पोस्टातल्या माणसाने विचारलं, "गाव?" बाबा म्हणाले, "मोठा माणूस आहे. तिथे माहीत असेल." चार-पाच महिन्यांनी ते पाकीट परदेशी शिक्के घेऊन परत आलं. पत्ता अपुरा होता. बाबांना वाईट वाटलं नाही. "गेलं तर होतं तिथपर्यंत," असं म्हणत त्यांनी ते शोकेसमध्ये लावून ठेवलं.

दुसरं काम त्यांनी केलं ते जास्त घातक होतं. घरी येणाऱ्याजाणाऱ्याने ही कॅसेट कसली म्हणून विचारलं तर खोटं बोलावं लागेल. ते टळावं म्हणून त्यांनी कॅसेटवर चिठ्ठी डकवली आणि आपल्या वळणदार अक्षरात तिच्यावर लिहिलं, 'कोरी'. आता हेही खोटंच होतं, पण लेखी होतं. लेखी असलं की बाबांना फार बोचत नसे.

आता बुवांबद्दल सांगतो. बुवा आमच्या कारखान्यात बॉयलरवर होते. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. पंचेचाळिशीचे, काटक, कपाळाला बुक्का. पहिली पाळी तीनला सुटली की कंपनीच्या बसने महाडला यायचे, आणि पोलादपूरची एसटी मिळेपर्यंत आमच्या ओटीवर टेकायचे. आई त्यांना चहा द्यायची. ते वाडीच्या भजन मंडळाचे बुवा होते, म्हणजे पेटीवर बसून गाणारे मुख्य गायक. किंवा होते म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी अंगात ताप असताना त्यांनी सप्ताहात सात दिवस गायलं, वर थंड पाणी प्यायलं, आणि गळा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून सांगितलं. मंडळाने पेटी त्यांच्या पुतण्याकडे दिली. पुतण्या सुरात गायचा, पण त्याचं भजन सुरू झालं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर कलंडायच्या. बुवा आता मागे बसून टाळ वाजवत.

"टाल वाजिवतो," ते म्हणायचे. "त्याला गला लागत नाय."

एका दुपारी बुवा ओटीवर होते आणि मी आत कॅसेट लावली होती. पहिलं गाणं संपायच्या आत बुवा चहाची बशी हातात धरून आतल्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, ह्यो कोन?"

मी सांगितलं.

"ह्याचा गला तर माज्यापेक्षा गेलेला हाय."

"हो."

"आनि लोक टाल्या वाजिवतात?"

"हजारो लोक आहेत, बुवा. तिकीट काढून आलेत."

बुवा खाली बसले. बशीतला चहा गार झाला. त्या दिवशी त्यांनी दोन एसटी सोडल्या. मधे एकदा डोळे पुसले, मग आमच्याकडे बघून म्हणाले, "धूर गेला वाटतं." चूल आमच्याकडे नव्हती, गॅस होता.

दोन गाण्यांच्या मधे गायक काहीतरी बोलायचा आणि लोक हसायचे. बुवांनी बाबांना विचारलं, "गुरुजी, काय बोलतोय ह्यो?"

बाबांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण आदल्या आठवड्यात ते कागद-पेन्सिल घेऊन ऐकायला बसले होते आणि कागदावर फक्त 'थँक्यू' एवढंच उतरलं होतं. पण तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस असं कबूल करत नाही. ते घसा साफ करून म्हणाले, "तो नम्रपणे म्हणतो की, काही चुकलं असेल तर श्रोत्यांनी क्षमा करावी."

"बघा," बुवा म्हणाले. "एवढा मोठा मानूस!"

बुवांनी कॅसेट आठ दिवसांसाठी मागितली. बाबांनी ठेवीची अडचण सांगितली. शेवटी ठरलं की मी त्यांना तिची दुसरी प्रत करून द्यावी. बाबा म्हणाले, "म्हणजे चोरीची चोरी," आणि देवघरात जाऊन बसले, पण नाही म्हणाले नाहीत. बाजारपेठेतल्या एका दुकानातून मी प्रत करून आणली आणि बुवा ती शर्टाच्या खिशात घालून वाडीवर घेऊन गेले.

पुढे तीन महिने वाडीवर काय चाललं होतं ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. दर दोन-चार दिवसांनी बुवा चहाच्या वेळी बातमी देत. मंडळातल्या लोकांनी कॅसेट ऐकली. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा पखवाजवाल्याने ठेका धरून बघितला. तिसऱ्यांदा पुतण्या म्हणाला, "काका, तुमी गाऊन बघा ना." बुवांनी गायलं. आवाज फाटला. त्यांनी तो फाटू दिला. पुतण्याने आपणहून पेटी काकांच्या पुढे सरकवली, आणि स्वतः मागे जाऊन झील धरायला लागला, म्हणजे बुवांनी ओळ टाकली की मागच्यांनी मिळून ती उचलायची.

"आनि साहेब," बुवा एकदा खूप खुशीत येऊन म्हणाले, "त्या खोकल्याचंबी बसवलंय."

"कुठल्या खोकल्याचं?"

"कॅशेटीत नाय का? तिसऱ्या गान्यात. खॉक! खॉक! मंग सगले एकदम उचलतात."

मी आत जाऊन कॅसेट लावली. खरंच होतं. सेकंड इंजिनिअरच्या जवळपास कोणीतरी सर्दी झालेला श्रोता बसला होता. तो दोनदा खोकत होता आणि योगायोगाने त्याच्या पाठोपाठ गायकाचे साथीदार धृपद उचलत होते. रेकॉर्डिंग चांगलं असल्यामुळे खोकला अगदी पेटीसारखा वाजत होता. वाडीने त्याचा अर्थ असा लावला की तो इशारा आहे. बुवांचे एक चुलते सत्तरीचे, बिडी ओढणारे, गाता येत नसे म्हणून त्यांना मंडळात काही काम नव्हतं. त्यांना खोकल्यावर नेमलं.

"बुवा," मी म्हणालो, "तो खोकला गाण्यातला नाही. कोणीतरी प्रेक्षक खोकलाय."

बुवांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "साहेब, एवढ्या मोठ्या मानसाच्या कार्यक्रमात कोन उगाच खोकंल?"

मार्चमध्ये महाडला तालुक्यांची भजन स्पर्धा होती. रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. वाडीच्या मंडळाने नाव दिलं. आदल्या दिवशी बुवा मुद्दाम घरी आले आणि बाबांच्या पाया पडले.

"गुरुजी, आता गला किती दिवस टिकंल सांगता येत नाय. उद्याचं भजन तुमी तुमच्या मशीनमदी धरून ठेवा. माज्या नातवंडांना होईल."

बाबा हेलावले. पण हॉलच्या दारावर आयोजकांनी पाटी लावली होती की ध्वनिमुद्रण करण्यास मनाई आहे. आदल्या वर्षी कोणीतरी टेप लावायला गेला आणि हॉलचा फ्यूज उडाला होता. बाबा त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्याचा आवाज, त्याची परवानगी आहे. म्हणजे ही चोरी नव्हे. हा फक्त नियमभंग."

"पण पकडलं तर?"

"मी तीस वर्षं पकडत आलोय. कुठे बघतात ते मला ठाऊक आहे."

ते घरी गेले आणि बाजाराची मोठी कापडी पिशवी घेऊन परत आले. तळाशी सेलवर चालणारा टू-इन-वन, वर मेथीच्या तीन जुड्या. रविवारी दुपारी भजनाला मेथी घेऊन आलेला निवृत्त शिक्षक कोणालाही संशयास्पद वाटला नाही. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. आई बाबांच्या पलीकडे. पिशवी बाबांच्या मांडीवर, माइकच्या स्पीकरकडे तोंड करून.

आधी चार मंडळं झाली. सगळी व्यवस्थित, सगळी एकसारखी. परीक्षक म्हणून एक वृद्ध संगीत शिक्षक आले होते. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि चौथ्या मंडळाच्या वेळी मान खाली गेली ती वर येईना, तेव्हा सगळ्यांना कळलं की नुसतं ऐकणं चाललेलं नाही.

मग बुवांचं मंडळ आलं. बाबांनी मेथीत हात घालून बटण दाबलं.

बुवांनी पहिली ओळ टाकली. तो फाटका, खरखरीत आवाज माइकमधून आला आणि परीक्षकांचे डोळे उघडले. मागे कोणीतरी हसलं. बुवांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली, जरा वर, आवाज आणखी फाटला, आणि त्या फाटण्यातच ते थांबले. पखवाजही थांबला. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मग त्यांनी ती ओळ तिसऱ्यांदा अगदी हळू म्हटली, देवाशी भांडून झाल्यावर माणूस बोलतो तशी. हसणारा माणूस गप्प झाला. मी बाबांकडे बघितलं, ते पिशवीतली मेथी घट्ट आवळून बसले होते.

अभंग संपला. टाळ्या पडल्या. बुवांनी हात जोडले. "काय चुकलंमाकलं आसंल तर माफी करा."

दुसरा अभंग. पुन्हा टाळ्या, पुन्हा हात. "काय चुकलंमाकलं आसंल तर माफी करा." लोक आता प्रेमाने हसायला लागले. बुवांनी विजयी नजरेने बाबांकडे बघितलं. कॅसेटमध्येही याच जागेवर लोक हसत होते.

तिसरं गाणं गजराचं होतं, लय वाढली. बुवांनी ओळ वर नेऊन सोडली, आणि माइकजवळ मुद्दाम बसवलेले चुलते पुढे वाकले.

"खॉक! खॉक!"

आणि पंधरा जणांनी एकदम झील उचलली. हॉल दणाणला. दुसऱ्यांदा ओळ वर गेली, "खॉक! खॉक!", पुन्हा झील. इतकं बिनचूक की प्रेक्षक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. फक्त चुलत्यांचा एक घोटाळा झाला. ते बिडीचे जुने भक्त. तिसऱ्या वेळी त्यांनी ठरलेले दोन खोकले दिले आणि खरा खोकला सुरू झाला. मंडळाला इशारा म्हणजे इशारा. चुलते खोकतील तितक्या वेळा पंधरा जण झील उचलायला लागले. खॉक, झील. खॉक, झील. बुवांना मधे ओळ टाकायला जागाच मिळेना. लय अशी चढली की पखवाजवाल्याची टोपी पडली. माझी आई उठली. तिने कोणालाही न विचारता व्यासपीठावर जाऊन चुलत्यांच्या पाठीवर थोपटलं आणि पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा त्यांच्या तोंडात घातला. खोकला थांबला. गजर थांबला. आणि अख्खा हॉल उभा राहिला.

बुवांनी हात जोडले. "काय चुकलंमाकलं..." पुढचं ऐकूच आलं नाही.

निकालाच्या वेळी परीक्षक माइकपाशी आले. "या बुवांना आवाज नाही," ते म्हणाले. "पण ज्यांना आवाज आहे त्यांनी यांच्याकडून गाणं शिकावं." मग थोडं थांबून म्हणाले, "झिलेचा प्रयोग नवीन आहे. मात्र त्या ज्येष्ठ कलाकारांनी छातीचा फोटो काढून घ्यावा." वाडीच्या मंडळाला दुसरा क्रमांक मिळाला. चुलत्यांना आईच्या सूचनेवरून कोणीतरी शाल दिली.

आम्ही घरी आलो. मेथी चेपून तिचं पोतेरं झालं होतं. बाबांनी टू-इन-वनमधून कॅसेट बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसले. 

"काय झालं?" आईने विचारलं.

त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कोरी'.

घाईत त्यांनी कपाटातून स्वतःच्या अक्षरावर विश्वास ठेवून भावोजींचीच कॅसेट उचलली होती. वाडीवरच्या प्रतीचा उपयोग नव्हता. ती तीन महिन्यांत इतकी वाजली होती की तिची फीत गावकऱ्यांनी दोनदा चिकटपट्टीने जोडली होती. जावयाची ठेव बुडाली होती. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. सासऱ्याने जावयाची वस्तू मोडली, हे आमच्याकडे कुठल्याच पोथीत बसत नाही. मी म्हटलं, "मी सांगतो, माझ्याकडून झालं म्हणून." ते म्हणाले, "नाही. मुलांनी कॉपी केली की मी पालकांना बोलवायचो. आता मीच पालक आहे."

भावोजी मे महिन्यात आले. आईने पुरणपोळी केली होती, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्यांना पहिल्या घासालाच कळलं असणार. जेवण झाल्यावर बाबा उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"जावईबापू, मला तुमच्याशी बोलायचं आहे. कृपा करून बसा." भावोजी बसलेलेच होते. ते घाबरून उभे राहिले. दोघेही उभे, समोरासमोर, आणि बाबांनी पाटीपासून मेथीपर्यंत सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

भावोजी म्हणाले, "द्या बघू ती कॅसेट."

त्यांनी आपल्या वॉकमनमध्ये ती घातली, कानाला लावली आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. पाऊण तास आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी गंभीर. मग भुवया वर. मग पाय हलायला लागला. मग एकदम ते असे हसले की झोपाळ्याची कडी करकरली. खोकल्यापर्यंत आले असणार. बराच वेळ हसून डोळे पुसत ते म्हणाले, "पण हे बुवा शेवटी इंग्रजीत कधी गायला लागले?"

मी एक कान लावून ऐकलं. भजन संपल्यावर बाबांनी बटण बंद केलं होतं, आणि त्या बाजूची शेवटची दहा मिनिटं जुनी तशीच राहिली होती. टाळ्या आमच्या, टाळ्या त्यांच्या, आणि त्यातून तो इंग्रज म्हातारा अर्ध्या ओळीपासून गात होता. भावोजींना गायक बदललेला कळला नव्हता.

"बाबा," भावोजी म्हणाले, "सेकंड इंजिनिअरकडे मूळ टेप आहे. तो मला आणखी एक करून देईल. पण ही मला द्या. ही त्याच्याकडेही नाही."

बाबा खाली बसले आणि त्यांनी दोन महिन्यांनी पहिल्यांदा पेपर उलटा न धरता वाचला. मात्र बुवांची परवानगी घेतल्याशिवाय कॅसेट घराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणून त्या रविवारी आम्ही सगळे वाडीवर गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटचा चढ पायी. भावोजी बोटीवरचे बूट घालून आले होते, ते चढावर दोनदा बसले.

बुवांच्या अंगणात सतरंजी टाकली होती. मंडळ जमलं होतं. चुलते शाल पांघरून, मे महिन्याच्या उन्हात. भावोजींनी बुवांना विचारलं, कॅसेट बोटीवर नेऊ का.

"कुटं कुटं जाईल ती?" बुवांनी विचारलं.

भावोजींनी बोटावर बंदरं मोजली. सिंगापूर, हाँगकाँग, मग जपान, मग उलट येऊन सुएझ कालवा, युरोप. बुवा प्रत्येक नावाला मान हलवत होते.

"मी अजून पुन्याला नाय गेलो," ते म्हणाले. "पन गला जातोय तर जाऊ दे."

त्यांची बायको आतून वालाच्या बिरड्याचं पातेलं घेऊन आली, तांदळाच्या भाकऱ्या आईच्या पुढ्यात ठेवल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "गो बाई, ह्यांना सांग कोनीतरी. वैरन आनायची हाय, आनि ह्ये जपानात बसलेत. आदी जेवून घ्या सगल्यांनी."

भावोजींनी चार भाकऱ्या खाल्ल्या. निघताना ते बुवांच्या बायकोला म्हणाले की पुढच्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी आणतो. आईने मागून मला हळूच चिमटा काढला. वर्षभराने त्यांनी खरंच आणलं. भिंतीवर लावायचं थर्मामीटर होतं. ते अजून बुवांच्या ओटीवर आहे. बुवांची बायको त्याच्या खिळ्याला कोयता अडकवते.